चि. मनूस, गोसाब्याच्या पत्त्यावर

नागपूर, ५ जून

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पोहोचल्याचा निरोप मिळाला. हावडा, सियालदह, कॅनिंग, गोदखाली आणि तिथून पुढे नावेने सुंदरबनातले गोसाबा असा सारा प्रवास तू एका ओळीत कळवलास. मी मात्र 'नावेने' या शब्दापाशीच अडकलो आहे.

इथे नागपुरातच नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची संस्था असताना समुद्राच्या तोंडाशी जाऊन काम करायचे कारण काय, हे मी गाडी सुटायच्या वेळी, तेही चारचौघांत विचारायला नको होते. तू उत्तर न देता पाण्याची बाटली भरायला गेलीस आणि आईने केलेल्या सांबारवडीचा डबा शेवटी मला खिडकीच्या गजांतून तिरका करून आत सरकवावा लागला.

खरे कारण मी त्या वेळी बोललोच नाही. तुला पोहता येत नाही, आणि ते माझ्यामुळे येत नाही. साकोलीला दिनूचे जे झाले, त्यानंतर मी तुम्हा दोघांना तलावाची पायरी उतरू दिली नाही. दादा पुढे कॉलेजात गेल्यावर माझ्या नकळत शिकला. तू मात्र माझा शब्द पाळलास.

तुझे काम मला फार उशिरा कळले. कोहळी लोकांनी अडीच-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव मी पाटबंधारे खात्याच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत पाळ, सांडवा आणि साठा एवढ्यापुरतेच पाहिले होते. तू त्या तलावांवर पाच वर्षे काढलीस आणि एकदा मलाही गुडघाभर चिखलात उभे केलेस. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या बाया तलावात माजलेली बेशरमची झुडपे मुळासकट उपटून काठावर ढीग घालत होत्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत देशी पाणवनस्पतींची रोपे अंगठ्याने दाबून बसवत होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "साहेब, गवतच नसन तर मासोळी अंडे कुठी घालन?" तू शेजारी उभी राहून तिचे बोलणे वहीत जसेच्या तसे उतरवून घेत होतीस. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला आणि घरी येईपर्यंत मी तो बोलून दाखवला नाही. घरी आल्यावरही नाही.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट. चार तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, आणि आजीला पाठीवर घेऊन तू जिना चढत असताना मी खाली कमरेइतक्या पाण्यात माझी पर्जन्यमानाची जुनी वही शोधत होतो. दुसऱ्या दिवशी तिची पाने गच्चीवर वाळत घालताना तू म्हणालीस, "बाबा, सांडवा मागच्या पावसाच्या हिशेबाने बांधतात, पुढचा पाऊस ही वही वाचून येणार नाही." मला राग आला होता. पण आयुष्यभर मी ज्या आकड्यांवर विसंबलो ते आता पुरे पडत नाहीत, आणि बदललेल्या हवामानात माणूस, मासा आणि झाड यांनी तगायचे कसे याचा शोध म्हणजेच तुझे 'अनुकूलन', हे मला त्या ओल्या पानांपाशी समजले.

त्यामुळे सुंदरबनची गरज मला कळत नाही असे समजू नकोस. साडेतीन हजार किलोमीटर बांध आणि तो बहुतेक मातीचा, हे वाचूनच माझ्यातला इंजिनिअर अस्वस्थ झाला. २५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळ आले तेव्हा बांध फुटून खारे पाणी शेतांत शिरले आणि पुढे कितीतरी हंगाम तिथे भात नीट पिकला नाही. मातीचा बांध लाटेपुढे एकटा टिकत नाही. पुढ्यात खारफुटीची दाट पट्टी असली तर लाटेचा जोर आधीच मोडतो. पण खारफुटी लावणे म्हणजे रोपे खोचत जाणे नव्हे, हे तूच सांगितलेस: भरती कुठवर येते, पाणी किती खारे आहे, गाळ बसतो की वाहून जातो, हे पाहून जात निवडावी लागते. ज्या सुंदरीमुळे सुंदरबन हे नाव पडले असे म्हणतात, तिलाच गोडे पाणी कमी पडून ती मागे हटते आहे, हे ऐकून मला वाईट वाटले.

आता ऐक. नावेत लाइफ जॅकेट घालायचे, आणि ते नुसते खांद्यावर न टाकता त्याचे पट्टे आवळायचे. भरतीची वेळ नावाड्याला विचारल्याशिवाय निघायचे नाही. चिखलावर एकटीने उतरायचे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हेही वादळाचे दिवस आहेत, तेव्हा आत मुक्काम करायचा नाही. गोसाब्यात कुणी बाई पोहायला शिकवत असेल तर पहिल्या महिन्यातच, कामाचे निमित्त न सांगता...

क्षमा कर. पुन्हा तेच झाले. पस्तिशीच्या शास्त्रज्ञ मुलीला भरतीचे वेळापत्रक शिकवण्याचा मला अधिकार नाही, आणि पाण्याची भीती घालण्याचा तर मुळीच नाही. ती मी एकदा घालून बसलो आहे. आईने हे पत्र वाचून 'पोहणे' हा शब्द खोडायला सांगितला. मी खोडलेला नाही.

ती वही, जिची पाने तू वाळवलीस, ती पार्सलने पाठवत आहे. शेवटची काही पाने कोरी आहेत. तिथला पाऊस आणि भरती तीत लिहीत जा.

रविवारी फोन करशील तो नावेतून करू नकोस, काठावर उतरल्यावर कर. उशीर झाला तरी मी जागा असेन.

तुझा,
बाबा