मंत्रीमहोदय, सात वर्षं पूर्ण व्हायची वाट पोरांचे कान बघत नाहीत

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला साधा माणूस, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, पोटासाठी टेम्पो चालवतो. पत्रं लिहायची सवय नाही, पण गेल्या आठवड्यात जे झालं ते गिळून बसणं जमेना म्हणून लिहितोय.

माझी मुलगी पाच वर्षांची. तिला घेऊन सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका संगीत वर्गात गेलो. खिडकीतल्या माणसानं जन्मदाखला बघितला आणि फॉर्म परत सरकवला, सात पूर्ण झाल्याशिवाय घेत नाही म्हणाला. मी म्हटलं घेऊ नका, पण एकदा ऐका तरी. आतल्या सरांनी बोलावलं, समोर उभं केलं, "बाय, सा रे ग म म्हणून दाखव." अनोळखी माणूस, मोठी रिकामी खोली, पोर माझ्या पँटला धरून उभी, तोंडातून शब्द नाही. सर म्हणाले अजून काही दिसत नाही हिच्यात, दोन वर्षांनी आणा. झालं, संपलं. बाहेर येऊन पोरगी विचारते, "बाबा, म्हाका गावंक येना?" (मला गाता येत नाही?) आता याला मी काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा.

सरांना काय दिसलं नाही ते मी सांगतो. गेल्या चवथीला आमच्याकडे पहिल्या दिवशी आरती काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात झाली. दुसऱ्या दिवशी काकीचा घसा बसला होता म्हणून भावानं पेटी काळी एकवर, म्हणजे थोड्या खालच्या सुरात घेतली, कोणाला काही सांगितलं नाही, आम्ही सगळे मोठे आपले गात सुटलो. ही कोपऱ्यात मोदकाचं सारण खात बसलेली, एकदम उठून म्हणाली, "काल हें वयर आशिल्लें, आयज सकयल गेलां." म्हणजे काल हे वर होतं, आज खाली गेलंय. रात्र मध्ये गेली होती हो! कालची पट्टी पोरीच्या कानात तशीच बसून होती. आणि घुमटावर, म्हणजे आमच्या कातडं ताणलेल्या मातीच्या वाद्यावर, कोणाचा हात चुकला की हिची टाळी थांबते, तो परत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर आला की सुरू होते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

आता यात "काही दिसत नाही" म्हणणाऱ्याला मी काय दाखवू? लहान पोराचा कान आधी तयार होतो आणि गळा मागून येतो. तीन-चार वर्षांचं पोर सुरात गात नाही म्हणजे त्याला सूर कळत नाही असं नाही, गळ्यावर ताबा अजून यायचा असतो. म्हणून पाच वर्षांच्या पोराला उभं करून सरगम म्हणायला लावणं ही परीक्षाच चूक आहे. त्याच्याजवळ जमिनीवर बसा, तुम्ही गा, मुद्दाम एक सूर चुकवा आणि त्याचं तोंड बघा. ताल मोडा आणि हात बघा. ओळखीची चाल अर्धी सोडून द्या, ते पुरी करतं का बघा, गुणगुणत का होईना. यासाठी वेळ लागतो, एका दिवसात होत नाही, आणि खिडकीतून तर नाहीच नाही.

हंगेरीत २००९ साली दोन-तीन दिवसांच्या बाळांवर प्रयोग झाला, झोपलेल्या बाळांना ताल ऐकवला, मधलाच महत्त्वाचा ठोका गाळला तर त्यांच्या मेंदूनं ते पकडलं. आणि पेटीला हात न लावता सूर कुठला ते ओळखायची शक्ती, ती बहुतेक त्यांच्यातच टिकते ज्यांचं शिक्षण सहा-सात वर्षांच्या आत सुरू झालं. म्हणजे जे दार त्या वयात बंद व्हायला लागतं नेमकं तेव्हा तुमचा वर्ग उघडतो!

आणि हे गोव्यात चाललंय. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी पाच वर्षांच्या लताला शिष्याचा राग दुरुस्त करताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून शिकवायला बसवलं, जन्मदाखला मागितला नाही. केरीच्या गायिका केसरबाई केरकर आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला लागल्या, पण कान काय कोल्हापुरात जाऊन उघडला? तो इथं देवळात आणि घरात तयार झाला. त्यांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तिकडे चर्चच्या शाळांतून एवढीएवढीशी पोरं सोल्फेज, म्हणजे त्यांची सरगम, आणि व्हायोलिन शिकायची, त्यांच्यातल्याच गोंयकारांनी मुंबईच्या सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरले. दोन्हीकडे पोराचं वय कोणी विचारत नव्हतं, पोर आजूबाजूला असायचंच आणि कानावर पडत राहायचं.

आम्हाला स्टेजवरून सांगितलं होतं. मागच्या वर्षी आमच्याकडच्या भजन स्पर्धेला आलेल्या पाहुण्यांनी माईकवर सांगितलं की बालवाडीपासून संगीत आणणार, गावागावात बुवा पाठवणार. आम्ही टाळ्या वाजवल्या, हार घातला, समई दिली. त्यानंतर कोणी फिरकलं नाही.

खाजगी क्लास लावा म्हणतात लोक. लावतो की, पैसे कुठून? २०१२ साली मायनिंग बंद झालं तेव्हा घरचा ट्रक उभा राहिला, बँकेचे हप्ते उभे राहिले नाहीत, २०१८ साली खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या तेव्हा उरलंसुरलं गेलं. तो ट्रक पडेल किमतीत विकून बापानं कर्ज भागवलं आणि त्या धक्क्यातून तो शेवटपर्यंत सावरला नाही. मला स्वतःला लहानपणी कोणी ऐकलं नाही, पखवाजाला हात लागला तो वीस वर्षांचा झाल्यावर, आजही तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा वाजवून समेवर येताना बोटं जड पडतात, आणि प्रत्येक भजनी सप्ताहात ते मला कळतं आणि छातीत दुखतं. ते माझ्या पोरीच्या नशिबी येऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

पैसे नाहीत म्हणू नका. पणजीच्या कला अकादमीच्या दुरुस्तीवर ५० कोटींच्या वर गेले म्हणतात, काम चालू असताना जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर खाली आलं ते अख्ख्या गोव्यानं बघितलं. एका बुवाला आठवड्यातून दोन दिवस अर्धा-अर्धा तास बालवाडीत बसवायला किती लागतं? या राज्यात सगळं इमारतीसाठी, उद्घाटनासाठी, बॅनरसाठी. रस्ता असो, शाळा असो की गाणं असो, फोटोत येत नाही त्याला पैसा नाही. पाच वर्षांच्या पोराचा कान फोटोत येत नाही.

२०२३-२४ पासून गोव्यात तीन वर्षांच्या पोरांपासून नवीन शिक्षण धोरण लागू केलं, त्यात गाणं आणि ताल लिहिलेला आहे. आमच्या अंगणवाडीतल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मोबाईलवर गाणी लावते. त्या बिचाऱ्या तरी काय करणार, पोषण आहाराची रजिस्टरं भरू की गाऊ.

माझ्या पोरीला स्पेशल काही नको. टीव्हीवरच्या स्पर्धेत तिला मला पाठवायचंच नाही, सहा वर्षांच्या पोराला रात्री उशिरापर्यंत लाईटमध्ये उभं करून रडवणं मला पटत नाही. तिला फक्त अशा माणसाजवळ बसू द्या जो गातो आणि ऐकतो. भजनी मंडळांत असे बुवा आहेत, मानधन द्या, ते येतील. लहान मापाची घुमटं आमचे कुंभार बनवून देतील, घोरपडीचं कातडं नको, बकऱ्याचं चालतं.

जूनमध्ये लहान पोरांच्या शाळा सुरू होतात. त्याआधी अनुदान घेणाऱ्या वर्गांची सात वर्षांची अट काढायचा आदेश काढा, आणि ज्यांना लहान पोरांना कसं ऐकायचं ते माहीत नाही त्यांना आधी शिकवा. मला पत्रानं उत्तर नको. त्या वर्गाच्या खिडकीवर नोटीस लावा, मी पोरीला घेऊन वाचायला जाईन.

आपला,
एक बाप, डिचोली