छपरावरचं शेवाळ आत्ताच बघ

सावंतवाडी
श्रावण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गावच्या घराची कौलं उतरवून पत्रे घालायचा विचार आहे, असं तू लिहिलंस, म्हणून काल मुद्दाम तुझ्या घराकडे जाऊन आलो. कृपा करून एवढ्यात काही ठरवू नकोस. छप्पर शाबूत आहे. मागच्या पाखीवर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर, फणसाच्या सावलीत, शेवाळ धरायला लागलंय खरं, पण ते अजून अगदी सुरुवातीचं आहे.

खालून बघणाऱ्याला हिरवं काहीच दिसत नाही. पण एक सर येऊन गेली, ऊन पडलं आणि पुढच्या पाखीचा तांबडा रंग हळूहळू परत आला. मागची पाच-सहा कौलं मात्र कितीतरी वेळ काळपटच राहिली. हीच पहिली खूण. भाजलेल्या मातीचं कौल पाणी पितं आणि ऊन-वारा लागला की सोडतं. शेजारची सुकली तरी एखादं ओलं राहत असेल, तर त्याला ऊन पोचत नाही किंवा त्याच्यावर काहीतरी बसलंय असं समजायचं.

वळचणीला शिडी लावून जवळून पाहिलं. कौल कौलात अडकतं त्या खाचेत दोऱ्याएवढी हिरवी रेघ होती. बोट फिरवलं तर मऊ, आखूड लव लागली. नुसता बुळबुळीत थर असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. तो पावसाळ्यात आपल्या चिऱ्याच्या गडग्यावरही येतो. लव लागली म्हणजे शेवाळानं बस्तान मांडलं. नखानं थोडं उचललं, तर खाली कुजलेल्या पानांची काळी माती निघाली. शेवाळाला खरी मुळं नसतातच. बारीक तंतूंनी ते नुसतं चिकटून राहतं आणि पाणी पानांनीच पितं. सावली, ओल आणि खाचेतली चिमूटभर माती मिळाली की त्याचं भागतं. फणस ते सगळं पुरवतोय.

त्याच कौलांवर पांढुरक्या-करड्या चकत्याही दिसतील. त्यांना घाबरू नकोस. ती दगडफुलाच्या जातीची, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. फार सावकाश वाढतात आणि घट्ट चिकटलेली असतात. ती खरवडायला गेलं तर कौलाचाच पापुद्रा निघतो. त्यांना राहू दे.

शेवाळाचं तसं नाही. खाचेत त्याची गादी जाडावली की पाण्याची वाट अडते. तुंबलेलं पाणी कौलाखाली मागे सरकतं, रीप भिजते, मग वासा भिजतो आणि ओलसर लाकडाला वाळवी लागते. माजघरात थेंब पडेपर्यंत वर बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणून गळतीची वाट बघायची नाही.

तू येतोस मे महिन्यात. तेव्हा हेच शेवाळ सुकून काळ्या भुकटीसारखं दिसतं आणि सगळे म्हणतात, उन्हानं मेलं. ते मेलेलं नसतं. त्यावर तांब्याभर पाणी ओतून बघ, बघता बघता पानं उलगडतात आणि हिरवी होतात. म्हणून छपराची पारख पावसातच करावी. गणपतीला येशील तेव्हा आरतीआधी दहा मिनिटं मागच्या अंगणात उभा राहा. पागोळ्या पडतात त्या ओळीत हिरवे गोळे पडलेत का, तेही बघ. वर गादी झाली असेल तर तिचे तुकडे तिथेच सापडतात.

आत्ता मात्र कुणालाही वर चढवू नकोस. ओल्या कौलावर पाय टिकत नाही आणि कौलंही फुटतात. दिवाळीनंतर सगळं खडखडीत सुकलं की माणूस घेऊन मीच करून घेईन. हिराच्या खराट्यानं आढ्याकडून वळचणीकडे झाडायचं आणि खाचा बांबूच्या कामटीनं मोकळ्या करायच्या. जोरात पाणी मारायचं यंत्र कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. त्यानं कौलाचं वरचं अंग निघतं, ते जास्तच पाणी पिऊ लागतं आणि उलटं मारलेलं पाणी आतही शिरतं. पोफळीवर मारतात तसं मोरचूद, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, मारा, असंही कुणी सांगेल. पण तुझ्या पन्हळीचं पाणी विहिरीकडे जातं, तेव्हा ते नकोच.

आणि पत्र्यांचं म्हणशील, तर आधी एक कौल उलटून बघ. पाठीवर बासेल मिशनचा, म्हणजे स्वित्झर्लंडच्या मिशनऱ्यांच्या संस्थेचा, शिक्का आहे. १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठी त्यांनी कौलांचा कारखाना काढला, तिथूनच ही मंगलोरी कौलं कोकणात रुळली. तुझ्या घरावरची आजही वाजवली तर खणखणीत वाजतात. मूठभर शेवाळापायी ती उतरवायची, हे मला खरंच बघवणार नाही. मे महिन्यात पत्र्याखाली काय उकडतं ते तुला वेगळं सांगायला नको.

एकच गोष्ट तुला विचारल्याशिवाय करणार नाही. छपरावर झुकलेल्या फणसाच्या दोन फांद्या काढाव्या लागतील, नाहीतर झाडलेलं शेवाळ पुढच्या पावसात परत येईल. झाड तुझ्या आजीनं लावलेलं. फणस मुख्यतः खोडाला आणि जाड फांद्यांना धरतो, त्यामुळे फळाला फारसा धक्का लागणार नाही. कोयती लावू का, ते लवकर कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू