शाळेच्या निकालावर बोलण्याआधी

सर्व सदस्यांना सूचना: पुढच्या सभेत सहावी ते आठवीचा निकाल आणि घटता पट यावर चर्चा आहे. येताना नुसती टक्केवारी घेऊन येऊ नका. 20 मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं की निकाल 5 टक्क्यांनी घसरतो. 100 मुलांत तोच फरक 1 टक्का. एका वर्षाच्या आकड्यावरून शाळेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. किमान तीन वर्षांचे निकाल आणि पाचवीनंतर किती मुलांनी दाखला काढला, हे शेजारी ठेवून बघा. पट घटला की शिक्षक कमी होतात, एकाच शिक्षकावर दोन-तीन विषय येतात आणि उरलेले पालकही बिथरतात.

मुलांची नावं ग्रुपवर टाकू नयेत. एवढ्या लहान वर्गात नुसत्या गुणांवरूनही मूल ओळखू येतं.