चूर्णाच्या डब्याआधी ताटाकडे पाहा

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीला आले होते तेव्हा बाबांच्या उशाशी चूर्णाचा डबा दिसला आणि आईच्या पर्समध्ये पित्ताच्या गोळ्या. फोनवर पोट साफ न होण्याचा आणि पित्ताचा विषय निघाला की बाबा, तुम्ही ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून बोलणे संपवता. म्हणून पत्र लिहिते आहे.

त्या चार दिवसांत मी तुमचे खाणे नीट पाहिले. सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी मऊ भात आणि वरण, चार वाजता पुन्हा चहा-बिस्किटे, आणि रात्री मालिका संपल्यावर साडेनवाला दूधभात. कवळी नीट बसत नाही म्हणून भाकरी गेली, वात धरतो म्हणून उसळी गेल्या, बिया अडकतात म्हणून पेरू गेला. यातले प्रत्येक कारण एकेकटे घेतले तर पटते, पण सगळी मिळून ताटातला चोथाच, म्हणजे तंतुमय भागच, नाहीसा झाला, आणि आता जे ताटातून मिळत नाही ते चूर्णाकडे मागावे लागते आहे. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे जेमतेम ३ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तरी हवेत. मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात राहून आपण खारीवर दिवस काढावेत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

भाकरी चावत नसेल तर ती ताकात किंवा आमटीत कुस्करून खावी. तिचा गुण त्याने कमी होत नाही. उसळीची सुरुवात मुगाने करावी, नंतर मटकी. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड आणावेत, चांगले मऊ शिजवावे आणि फोडणीला हिंग-ओवा असावा. मात्र सगळे एकाच आठवड्यात सुरू करू नये. मोठ्या आतड्यातले जिवाणू हे तंतू आंबवतात आणि त्यातूनच वायू होतो. त्यांना सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आई, तू मागे दोन दिवसांत उसळ बंद केलीस, ती बहुधा याच घाईमुळे सोसली नसावी.

चोथा वाढवला आणि पाणी वाढवले नाही, तर त्रास उलट वाढतो. बाबा रात्री लघवीला उठावे लागते म्हणून दिवसभरच कमी पाणी पितात, हे माझ्या लक्षात आले आहे. उतारवयात तहानही कमी लागते, तेव्हा तहानेची वाट न पाहता संध्याकाळी सहापर्यंत बहुतेक पाणी पिऊन घ्यावे आणि पुढे हात आखडावा. (पायांना सूज असेल किंवा डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर तेच पाळायचे.) इसबगोल घ्यायचाच असेल तर भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, आणि घेऊन लगेच आडवे होऊ नये. रोजच्या चूर्णात बहुधा सोनामुखी ही रेचक वनस्पती असते. ती अधूनमधून ठीक, पण वर्षानुवर्षे रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे.

गोळ्यांकडेही पाहायला हवे. आईच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी मलावरोध होऊ शकतो, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीनेही होऊ शकतो. पित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेतली तर ब-१२ जीवनसत्त्व कमी होण्याची शक्यता असते, आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही तेच होते. बाबा, तुमच्या पायांच्या मुंग्यांना हे कारण आहे का, ते रक्ततपासणीतून कळेल. मात्र कोणतीही गोळी मनाने बंद करू नका.

सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर मोठे आतडे सर्वांत जास्त हलते, तेव्हा ती वेळ पेपर वाचण्यात घालवू नये. गुडघ्यांसाठी आपण कमोड बसवला खरा, पण त्याने बसण्याची जुनी ठेवण गेली. माळ्यावरचा जेवणाचा पाट काढून पायांखाली घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की शेवटच्या टप्प्यातला आतड्याचा बाक बराचसा सरळ होतो आणि कुंथावे कमी लागते. रात्रीचे जेवण साडेसातला उरकले आणि निजण्याआधी अंगणात शतपावली केली, तर आईची छातीतली जळजळही कमी होईल. मालिका जेवण झाल्यावर पाहता येईल.

वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त पडणे, डांबरासारखा काळा शौच होणे, घास गिळताना अडकणे किंवा अनेक वर्षांची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी मला फोन करा आणि डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होतो, तेव्हा घरी अंदाज बांधत बसू नका.

भोगीला मी येतेच आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभरा, घेवडा, गाजर घातलेली भोगीची भाजी मी करीन. बाबांसाठी भाकरी कुस्करून देईन. तोवर तुम्ही दोघांच्या सगळ्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आपण तिघे तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जाऊ.

तुमची लेक