ओजेटीचे १२० तास आणि तीन हजारांचं सर्टिफिकेट

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री साहेब,
नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स करतोय, पार्ट टू ला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण व्हायवा अजून बाकी आहे.

तर विषय ओजेटीचा. ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे बाहेर एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करून शिकायचं. २०२३ ला नवीन शैक्षणिक धोरण पीजीला लागू झालं, आता दोन वर्षांत ८८ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजायचं माप), म्हणजे सेमिस्टरला २२. त्यात थिअरी-प्रॅक्टिकल आहेच, वर पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्याला ओजेटी ४ क्रेडिटचं, तिसऱ्या-चौथ्याला रिसर्च प्रोजेक्ट ४ आणि ६ क्रेडिटचे. कागदावर बघितलं तर छानच आहे, मी उगाच नावं ठेवत नाही, एका वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं हे पण चांगलंच आहे. (फक्त ओजेटी पहिल्याच वर्षात असल्यामुळे डिप्लोमासाठी पण ते लागतंच.)

पण साहेब, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, म्हणजे रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. पंधरा दिवसांसाठी पोराला कोणती कंपनी घेते? तिथं लॉगिन मिळून सिस्टिम समजेपर्यंतच पंधरा दिवस जातात. कंपन्यांना सहा महिन्यांचा इंटर्न पाहिजे, तो पण फुल टाइम. जुन्या पॅटर्नला बऱ्याच ठिकाणी शेवटचं अख्खं सेमिस्टर इंडस्ट्रीत जायचं, आमचे सीनियर असेच पुण्याला गेले आणि तिथंच चिकटले. आता चौथ्या सेमला पण २२ पैकी १६ क्रेडिट विषयांचे, मग हजेरी कोण लावणार? म्हणजे जेव्हा कंपनी बोलावते तेव्हा लेक्चर आहे आणि जेव्हा आम्हाला पाठवता तेव्हा कंपनी नाही.

पुण्या-मुंबईच्या पोरांचं जमत असेल कसंतरी. आमच्या इथून हिंजवडीला जायचं तर रात्रभर एसटी, वर राहायचं-खायचं, आणि स्टायपेंड शून्य.

मी काय केलं ते सांगतो. गावातल्या पतसंस्थेत गेलो, मॅनेजर म्हणाले ये बाबा, पिग्मीचा हिशोब एक्सेलमध्ये आहे आणि रोज घोळ होतो. मी पायथन आणि मायएसक्यूएल वापरून छोटं सॉफ्टवेअर करून दिलं, १२० च्या वरच तास गेले असतील. एजंट संध्याकाळी पैसे घेऊन आले की पाच मिनिटात टॅली होतंय आता, मॅनेजरनी चहा पाजला, लेटरहेडवर लिहून पण दिलं. कॉलेजने काय सांगितलं, तर ही आयटी कंपनी नाही, चालणार नाही. मग शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी केलं तेच केलं. टेलिग्रामवर एक ग्रुप आहे, तीन हजार भरले, दोन दिवसात पीडीएफ आली, "वेब डेव्हलपमेंट इंटर्न", खाली गोल शिक्का. ते मात्र लगेच चाललं. त्या कंपनीत कोण बसतं मला आजपर्यंत माहिती नाही. माझी चूक आहे मान्य, पण खरं काम केलेलं होतं ते कुणी बघायलाच तयार नव्हतं हो.

सरांना तरी काय बोलणार, अर्धे तासिका तत्त्वावर, एकेकाकडे वीस-वीस प्रोजेक्ट. त्यांना फाईलीत कागद लागतो.

म्हणून एवढंच म्हणतो की ओजेटी कुठं चालेल ते जीआरमध्ये उघड लिहा. साखर कारखान्याचा वजनकाटा, बाजार समिती, पंचायत समिती, उपजिल्हा रुग्णालय, पतसंस्था, इथं कॉम्प्युटरची कामं ढिगाने पडलीत आणि करायला माणूस नाही. जिल्ह्याची एक यादी निघाली तरी पोरं रांगेत उभी राहतील. आणि ज्याला चौथ्या सेमला खरी इंटर्नशिप मिळाली त्याला जाऊ द्या, स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स क्रेडिटला धरता येतातच की, राहिलेले विषय त्याला तिथून करू द्या.

आणि विश्वास बसत नसेल तर दौऱ्यावर असताना वाटेतल्या कुठल्याही कॉलेजात न सांगता थांबा, ओजेटीची फाईल मागवा आणि सर्टिफिकेटवरचे पत्ते मोबाईलच्या मॅपवर टाकून बघा. आमच्या बॅचच्या फाईलीतल्या एका पत्त्यावर रसवंती निघाली.

आपला,
एमएस्सी पार्ट टू चा एक विद्यार्थी