नकार कुठे राहतो

पुणे,
12 जून 2025

प्रिय सुहास,

पत्र पोचलं. "मे महिन्यात छत्र्या काढायला लागल्या, कुठंय तुमची तापमानवाढ?" असं कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, त्याला चाळीस अंगठे मिळाले, आणि आता उत्तर काय द्यायचं म्हणून तू मला विचारतोयस. ग्रुपवर काही देऊ नकोस. तिथे उत्तराला अंगठे मिळतात, पण वाचत कुणी नाही.

आधी तो मे महिना. मान्सून पुण्यात पोचण्याची सरासरी तारीख 10 जून, यंदा आला 26 मेला. केरळात 1 जूनऐवजी 24 मेला. यातून तापमानवाढ खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. एका वर्षाची गोष्ट ती हवा. हवामान म्हणायचं तर निदान तीस वर्षांचा हिशेब लागतो. मराठीत आपण दोन्हींना सर्रास 'हवामान' म्हणतो, निम्मा घोळ तिथेच होतो. आणि आपल्या बाजूचे लोकही प्रत्येक वळवाच्या सरीला 'पाहा, पुरावा' म्हणून नाचवतात, तेही तितकंच चूक. पुढच्या वर्षी पाऊस 12 जूनला आला की हेच लोक तोंडघशी पडतात.

दुसरं, 'हवामान अचानक बदलू शकतं' यातल्या 'अचानक' या शब्दावर तू अडला आहेस. अचानक म्हणजे उद्या सकाळी नव्हे. कारण हळूहळू वाढत जातं, परिणाम मात्र एका टप्प्यावर उडी मारतो आणि आल्या वाटेने परत जात नाही. दूध तापत ठेवलं की दहा मिनिटं काही होत नाही, मग दोन सेकंदांत शेगडीवर. गॅस बारीक केला म्हणून सांडलेलं परत पातेल्यात येत नाही.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीनलंडच्या माथ्यावर दोन ठिकाणी सुमारे तीन किलोमीटर खोल भोकं पाडून बर्फाचे दंडगोल काढले. त्या थरांमधल्या जड ऑक्सिजनच्या प्रमाणावरून जुनं तापमान काढता येतं. शेवटच्या हिमयुगात पंचवीसेक वेळा ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत 8 ते 16 अंशांनी चढलेलं त्यात दिसतं. काही दशकांत म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंत. "हवामान पूर्वीही बदलायचंच की" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: बरोबर, आणि काळजी त्याचीच आहे. ढकललं की ते उडी मारतं, हे त्या बर्फात लिहिलेलं आहे.

उडी का मारतं? एक मोठं कारण समुद्रात आहे. अटलांटिकमध्ये उष्ण, खारट पाणी वरून उत्तरेकडे जातं, ग्रीनलंडपाशी थंड होऊन जड होतं, बुडतं आणि तळाने दक्षिणेकडे परततं. या प्रवाहाचा आवाका सेकंदाला साधारण 1 कोटी 70 लाख घनमीटर, 2004पासून 26.5 अंश उत्तर अक्षांशावर उपकरणांची रांग लावून तो सतत मोजतात. आपल्या मापात सांगायचं तर 25 जुलै 2024ला खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) वर पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत शिरलं, ते सेकंदाला साधारण एक हजार घनमीटर होतं. म्हणजे अशा पूर आलेल्या सतरा हजार मुठा नद्या एका रांगेत. (त्याच वेगाने आठ तास सोडलं तर एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं, खडकवासल्याच्या क्षमतेच्या निम्मं. 'क्युसेक' ऐकून लोकांना काहीच कळत नाही, म्हणून हा हिशेब जवळ ठेव.)

आता ग्रीनलंडचं बर्फ वितळून गोडं पाणी त्यात मिसळलं की वरचं पाणी हलकं होतं, बुडणं मंदावतं. बुडणं मंदावलं की दक्षिणेकडून मीठ कमी येतं. मीठ कमी आलं की पाणी आणखी हलकं. चाक उलटं फिरू लागलं की स्वतःच स्वतःला ढकलतं. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टोमेल यांनी दोन टाक्यांचं साधं गणित मांडून दाखवलं की अशा प्रवाहाच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात, एक जोरात चालू आणि एक जवळजवळ बंद. साल 1961. ते साल पुण्यात वेगळ्याच कारणाने, पानशेत फुटलं म्हणून, पाठ असतं.

आणि हे लांबचं प्रकरण नाही. पूर्वी हा प्रवाह मंदावला तेव्हा आपला मान्सूनही दुबळा झाला, हे अरबी समुद्राच्या तळाच्या गाळात दिसतं. तरी घाबरवणाऱ्यांनाही आवरायला हवं. 2021चा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, अहवाल म्हणतो की या शतकात प्रवाह मंदावण्याची शक्यता फार दाट आहे, पण 2100च्या आत तो अचानक कोलमडणार नाही याची 'मध्यम खात्री' आहे. मध्यम खात्री! मध्यम खात्रीच्या लिफ्टमध्ये तुझ्या सोसायटीतलं कोण चढेल, ते विचार.

घराजवळचा दाखला हवा असेल तर शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीकाठच्या या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलं. आधीच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं, नंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या. शेती आटली, जनावरांवरची भिस्त वाढली. कोरडं पडत गेलेलं हवामान हे कारण पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. त्यावर पुढे वाद झाले, व्हायलाच हवेत. पण त्या लोकांनी पाण्यासाठी कालवा आणि बांध घातला होता. त्यांना दिसत होतं, ते हातावर हात ठेवून बसले नव्हते.

आता तापमानवाढ नाकारणाऱ्यांकडे येऊ. "हे सगळं सूर्यामुळे" म्हणणारे कमी होत चालले आहेत. सूर्य तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. प्रत्यक्षात तो थंड होतोय आणि खालचा तापतोय. ब्लँकेट पांघरलं की असंच होतं. कार्बन डायऑक्साइड उद्योगयुगाआधी दहा लाखांत 280 भाग होता, 1958मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला घेतला तेव्हा 315, 2024ची सरासरी 424च्या आसपास. तो कोळसा-पेट्रोलचाच हे त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावरून, कळतं. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970-80च्या दशकांत केलेली भाकितं 2023मध्ये तपासली गेली, बहुतेक बरोबर निघाली. तेव्हा हा नकार अज्ञानातून आला असं मानू नकोस.

पुण्यातला नकार मात्र निराळा आहे. इथे कुणी नाही म्हणत नाही. सगळे "हो हो, फार वाईट झालंय" म्हणतात, आणि ओढ्यात भराव घालतात. हा नकार पाइपच्या व्यासात मोजता येतो, गंमत नाही करत.

पावसाळी गटाराचं गणित सोपं आहे. पाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती हिस्सा न मुरता वाहून जातो तो), गुणिले पावसाची तीव्रता मिलिमीटर प्रतितास, गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले 360. उत्तर सेकंदाला घनमीटर. समज, दहा हेक्टर जमीन, बरीचशी माती आणि गवत, गुणांक 0.4, पाऊस तासाला 50 मिलिमीटर. सेकंदाला साडेपाचशे-पावणेसहाशे लिटर. शंभरात एक उतार असलेली 600 मिलिमीटर व्यासाची काँक्रीटची पाइप हे ओढून नेते, थोडी जागाही उरते. पुढे तिथे इमारती झाल्या, पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसले, गुणांक गेला 0.85वर. तेवढ्याच पावसात आता जवळपास बाराशे लिटर. 600ची पाइप संपली. तीव्रता 80 धरली तर एकोणीसशे लिटरच्या जवळ. 900ची पाइपही किंचित अपुरी पडते, 1000ची हवी. आणि हे सगळं पाइप रिकामी आहे असं धरून. तळाशी गाळ, मधूनच आडवी गेलेली केबल, झाकणाच्या जाळीवर पिशव्या.

म्हणजे शहरीकरणाने दुप्पट आणि हवामानाने त्यावर दीडपट, गुणाकार. त्यामुळे "पूर आला तो अतिक्रमणामुळे, हवामानबदल वगैरे काही नाही" आणि "सगळं हवामानबदलामुळे, आम्ही काय करणार" ही दोन्ही वाक्यं एकाच दुकानातली आहेत. दुसरं वाक्य तर अधिकाऱ्यांना फार सोयीचं पडतं. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून आलेलं पाणी आंबिल ओढ्यात मावलं नाही. शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं, आणि पात्र आवळलेलं होतं हेही खरं.

तीव्रता वाढते कशाने? हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तेही मान्सूनचे वारे मंदावत असताना. म्हणून वर्षाची बेरीज पाहून काही कळत नाही. शिवाजीनगरला वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. तो नव्वद दिवसांत पडला की नऊ दिवसांत, हे बेरीज सांगत नाही.

आता तुझं काम. गाडीच्या डॅशबोर्डावरचं तापमान विसर, ते डांबराचं आणि इंजिनाचं असतं. मोबाइलवरचा आकडाही तुझ्या गल्लीत कुणी मोजलेला नसतो, बहुधा मॉडेलने काढलेला असतो. पर्जन्यमापक कर. सोळा सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घे, काठ दोन-तीन इंच उभा असलेलं. नुसतं उतरतं असेल तर टपोरे थेंब उसळून बाहेर जातात आणि मुसळधार पावसातच माप कमी भरतं. त्याचं तोंड होतं 201 चौरस सेंटिमीटर, वेधशाळेच्या मापकाइतकंच. मग 20 मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. खाली दोन लिटरची बाटली; ती शंभर मिलिमीटरला भरते, म्हणून बाटली बादलीत ठेव आणि सांडलेलंही मोज. काठ जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, आडवा पातळीत. गच्चीवर ठेवू नकोस, वारा थेंब उडवून नेतो. झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या दुप्पट तरी अंतर सोड. पानं अडकतात, रोज बघ.

सकाळी साडेआठला मोजायचं, आणि आकडा त्या सकाळच्या तारखेला लिहायचा, आदल्या दिवसाच्या नव्हे. इथे सगळे चुकतात आणि मग वेधशाळेशी ताळा जुळत नाही. मोठी सर आली की मात्र दर पंधरा मिनिटांनी. पंधरा मिनिटांत 300 मिलिलिटर जमलं तर पंधरा मिलिमीटर, म्हणजे तासाला 60ची तीव्रता. वहीत चार रकाने पुरे: तारीख, रोजची बेरीज, सर्वांत जोरदार पंधरा मिनिटं, आणि त्या वेळी गेटपाशी पाणी कुठवर आलं.

आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत तापमानवाढीचा 'त'सुद्धा काढू नकोस. पावसाळी पाइपचा व्यास किती, उतार किती आणि ती कोणत्या तीव्रतेसाठी बसवली, एवढंच विचार. नकाशात नसेल तर झाकण उघडून टेप लावायला सांग. हे तीन आकडे आणि जुलैची वही मला पाठव, पुढचं गणित मी करून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत