नोटा दाबण्याआधी नमुना २६ वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘सगळे एकाच माळेचे मणी, यंदा नोटाच दाबणार’ अशा आशयाची वाचकांची पत्रे आपल्याकडे वरचेवर येतात. वैताग समजण्यासारखा आहे. ज्या धनुष्यबाणावर शिक्का मारला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये एका गटाकडे गेला, वर्षभराने घड्याळाचेही तेच झाले. मतदाराला कुणी विचारले नाही. पण वैतागून दाबलेले हे नोटाचे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चे, बटण कोणत्या निवडणुकीत काय करते, याबद्दल या पत्रांत गल्लत दिसते.

लोकसभा आणि विधानसभेला नोटा निकालावर काहीही परिणाम करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी ही सोय दिली ती मुख्यतः गुप्ततेसाठी. त्याआधी ज्याला कुणालाच मत द्यायचे नसे त्याने नियम ४९-ओ प्रमाणे केंद्राध्यक्षाला तसे सांगायचे, नोंदवहीत शेरा आणि त्याखाली सही. म्हणजे खोलीतल्या सगळ्या पोलिंग एजंटांना कळलेच. ती अडचण नोटाने सोडवली, त्यापलीकडे काही नाही. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली नोटा २७,५०० मतांनी दुसऱ्या क्रमांकावर होता, पलूस-कडेगावात २०,६३१ मतांनी. दोन्हीकडचे विजेते लाखाहून अधिक मतांनी निवांत निवडून आले. इंदूरला २०२४ मध्ये नोटाला २,१८,६७४ मते पडली. तिथे तर उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतल्यावर काँग्रेसनेच नोटाचे आवाहन केले होते. पक्षांना कंटाळलेल्यांचे बटण पक्षाच्याच प्रचाराला लागले! समजा नोटा पहिला आला, तरी त्याच्या खालोखाल मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो.

आणखी एक गंमत. अनामत रक्कम वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, आणि या हिशेबात नोटाची मते वैध धरत नाहीत. १,८०,००० वैध मतांत ३०,००० च्या वर जावे लागते. त्यातले १२,००० जण नोटाकडे वळले तर तीच रेघ २८,००० वर येते. ज्याला धडा शिकवायचा त्याचे काम उलट सोपे झाले.

महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत मात्र गोष्ट वेगळी आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार तिथे नोटा हा ‘काल्पनिक उमेदवार’ मानला जातो आणि त्याला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. म्हणजे नोटाला दात आहेत ते इथे. मुंबई सोडून इतर महापालिकांत प्रभाग बहुधा चार जागांचा असतो. अ, ब, क, ड प्रत्येकाची यादी स्वतंत्र, रंग वेगळा आणि प्रत्येक यादीच्या तळाशी वेगळा नोटा. पुष्कळ जण ओळखीच्या माणसाला एक मत देतात आणि वळून चालू लागतात. चारही मते नोंदल्याशिवाय यंत्राचा शेवटचा लांब आवाज येत नाही. तीन जागांवर मत आणि चौथीला नोटा, हे अगदी चालते. पक्ष सांगतात तसे चारही एकाच चिन्हाला द्यायचे कुठलेच बंधन नाही.

आता उमेदवार निवडायचा कसा? नमुना २६ म्हणजे उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र. लोकसभा-विधानसभेसाठी ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. अर्ज माघारीची मुदत संपल्यावर मतदानापर्यंत किमान १४ दिवस असतात, तेवढा वेळ पुरतो. शेवटचा भाग ‘ब’ हा गोषवारा आहे. घाईत तोच वाचला जातो आणि तिथेच फसगत होते.

गुन्ह्यांचा आकडा बघू नका, कलमे बघा. ‘सात गुन्हे’ ऐकून दचकायला होते. प्रत्यक्षात रास्ता रोको नि मोर्च्यांचे असतील तर जुन्या दंडविधानाचे १८८ (सरकारी आदेश मोडणे), १४३ (बेकायदा जमाव) आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचे १३५ (मनाई आदेश मोडणे) एवढेच दिसते. दुसऱ्याकडे एकच गुन्हा, पण ४२० (फसवणूक) किंवा ४०९ (विश्वासघाताने अपहार), जोडीला ठेवीदार संरक्षणाचा एमपीआयडी कायदा, म्हणजे ठेवीदारांच्या पैशाचा मामला. हा एकटा त्या सातांना भारी आहे. जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत आकडे बदललेत: १८८ चे २२३, ४२० चे ३१८(४). शेजारच्या रकान्यात आरोपनिश्चिती झाली की नाही तेही लिहिलेले असते. नुसती फिर्याद आणि न्यायालयाने निश्चित केलेले आरोप यांत अंतर आहे.

मालमत्तेत शेतजमीन आणि इमारतींपुढे खरेदीची तारीख, खरेदी किंमत आणि आजची अंदाजे किंमत असे रकाने असतात. जमिनीचा भाव वाढला म्हणून आकडा फुगला असेल तर तो दोष नाही. पाहायचे ते मागच्या निवडणुकीनंतर खरेदी केलेले गट नंबर. ते वेगळे काढा, त्यांची खरेदी किंमत बेरजेला लावा आणि त्याच प्रतिज्ञापत्रातल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणांतल्या उत्पन्नाशी ताडा. कर्ज आणि जुनी विक्री धरूनही मेळ बसत नसेल तर प्रचारसभेत विचारायला प्रश्न तयार. जोडीदार आणि अवलंबितांचे रकाने वगळू नका. पुष्कळदा जमीन तिथेच सापडते. त्याच संकेतस्थळावर त्या उमेदवाराचे जुने प्रतिज्ञापत्र काढले की तेव्हा तो कोणत्या पक्षाचा होता हेही दिसते. अपक्षाबद्दल इतके लक्षात ठेवा: निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात गेला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, अपात्र ठरू शकतो, पण नुसता ‘पाठिंबा’ दिला तर नाही. मंत्रिमंडळात अपक्ष दिसतात ते असे.

विद्यमान नगरसेवकाची सर्वसाधारण सभेतली हजेरी माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. उत्तराला ३० दिवस लागतात, त्यामुळे आचारसंहिता लागल्यावर जागे होऊन उपयोग नाही.

शेवटी आपल्याकडेच एक मागणी. गुन्हे असलेल्या उमेदवाराने त्याची जाहिरात तीनदा वृत्तपत्रात द्यायची असते, अक्षर किमान १२ पॉइंटचे. पक्षानेही असा उमेदवार का निवडला याची कारणे जाहीर करायची असतात. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले आहे. या जाहिराती निविदा नोटिसांच्या शेजारी छापल्या जातात आणि कुणी वाचत नाही. आपण मतदारसंघनिहाय एक तक्ता छापावा: नाव, आरोपनिश्चिती झालेली कलमे, मागच्या पाच वर्षांतील खरेदी, त्याच काळातले घोषित उत्पन्न, मागच्या वेळचा पक्ष आणि पक्षाने दिलेले कारण जसेच्या तसे. पाच रकाने नि एक ओळ, अर्ध्या पानात बसतात. मतदानाच्या आदल्या रविवारी छापला तर कात्रण करून ठेवायला बरे पडेल.

आपला,
एक वाचक, बार्शी